बटईनं केलेला प्रबंध

कुंभार पिंपळगावातलं भांडण तुम्ही लावलं. भावकीनं नाही, निवडणुकीनं नाही, बांधावरूनही नाही. तुम्ही लावलं, तेही गावात पाय न ठेवता, एका चक्रमुद्रित कागदावर. त्या कागदाच्या तळाशी ‘करिता कुलसचिव’ असं छापलेलं आहे आणि त्यावर सही आहे. सही अशी, की बैलानं शेपटी झाडावी. त्यातून नाव काही लागत नाही. म्हणून मी तुम्हाला करितासाहेब म्हणणार. राग आला तर येऊ द्या, मला आधीच आलेला आहे.

तुमचा कागद येईपर्यंत रखमाजी आणि त्यांचं वावर कसणारा कारभारी नावाचा गडी एकाच बंडलातून बिड्या ओढत होते. कागद आल्यावर एक जण बसमध्ये पुढच्या सीटवर बसायला लागला, दुसरा पार मागच्या. आणि मधे तिकिटाची पेटी गळ्यात अडकवून मी. कारण त्या बसचा कंडक्टर मीच आहे.

हो, कंडक्टर. तुमच्या खिडकीतल्या बाबूनं हे ऐकून चष्मा कपाळावर सरकवला होता. तुम्हीही सरकवला असेल तर खाली घ्या आणि पुढं वाचा. बी.ए. मी बाहेरून केलं, एम.ए. बाहेरून केलं. आत मला कोणी बोलावलंच नाही, म्हणून जे शिकलो ते सगळं बाहेरून, आणि बरंचसं एस.टी.च्या मागच्या दारात उभं राहून.

विषयही तिथंच सापडला. आमच्या अंबड-तीर्थपुरी रस्त्यावर माणूस गावाच्या थांब्यावर उतरत नाही, आपल्या वावरापाशी उतरतो. “मास्तर, रुसलेल्या वावरापाशी घंटी मारा.” “मास्तर, कोर्टाच्या तुकड्याला थांबवा.” (कंडक्टरला आमच्याकडं मास्तर म्हणतात. शाळेतल्या मास्तरांना ते आवडत नाही, पण त्यांना माझ्या गाडीत अर्धं तिकीट मागायला आवडतं.) तलाठ्याच्या दप्तरात या वावरांना गट नंबर आहेत. गट नंबर सांगून आजवर एकही माणूस माझ्या गाडीतून उतरलेला नाही. मी विचारायला लागलो, रुसलेलं का? तर त्या वावरात विहीर खोदली आणि पाणी लागलं बांधापलीकडं, परक्याच्या वावरात. कोर्टाचा तुकडा का? तर त्याच्यापायी दोन भाऊ कोर्टात गेले, तुकडा वकिलाच्या घशात गेला आणि नाव तेवढं मागं राहिलं.

पंधरा वर्षं मी ही नावं गोळा केली. सगळ्यात जास्त सांगितली कुंभार पिंपळगावच्या दोन माणसांनी. एक रखमाजी, म्हातारे, मोठे जमीनदार, तोंडानं फाटके. दुसरी साळूबाई, रखमाजींच्या थोरल्या भावाची विधवा. स्वतःच्या नावावर जमीन असलेली आणि एक दीर सोडून अख्ख्या गावाला अरे-तुरे करणारी बाई. मी तिला साळूमाय म्हणतो. तिनं मला जे सांगितलं ते कुठल्याच तलाठ्याला माहीत नव्हतं. वावराचं नाव ‘बापूरावाचा मळा’, आणि बापूराव म्हणजे सासरा. सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडात घ्यायचं नाही. मग भाकरी घेऊन निघालेली सून सांगणार कशी, की मी कुठं चालले? म्हणून गावच्या बायकांनी त्याच वावरांना आपली नावं ठेवली होती. बापूरावाचा मळा बायकांत ‘खोकल्याचा मळा’, कारण सासरा खोकायचा. एकाच शिवारावर दोन दोन नावं, आणि पुरुषांना दुसऱ्या नावाचा पत्ताच नाही. लेख छापून आल्यावर पत्ता लागला. रखमाजींचं लाडकं वावर बायकांत ‘घोरणाऱ्याचं वावर’ म्हणून चालतं हे त्यांना छापील कागदावरून कळलं. बरेच दिवस ते माझ्याकडून तिकीट घ्यायचे पण उरलेली चिल्लर हातात घ्यायचे नाहीत, सीटवर ठेवायला लावायचे.

असे चार लेख पुण्याच्या एका संशोधन मंडळाच्या त्रैमासिकात छापून आले. दोन रखमाजींबरोबर, दोन साळूमायबरोबर. बरोबर म्हणजे लेखाखाली माझ्या शेजारी त्यांचं नाव. ज्यानं सांगितलं त्याचं नाव द्यायचं, एवढी साधी गोष्ट. पण त्रैमासिकाच्या संपादकांना वाटलं, लेखाखाली नाव आहे म्हणजे माणूस प्राध्यापकच असणार. त्यांनी आपल्या मनानं ‘प्रा. रखमाजी’ आणि ‘प्रा. श्रीमती साळूबाई’ असं छापून टाकलं. दोघांना पुढं एका चर्चासत्राचं निमंत्रणही आलं. रखमाजींनी जेवण आहे का एवढं विचारून घेतलं, आणि आहे म्हटल्यावरही गेले नाहीत, कारण तेव्हा तुरीची काढणी होती.

इथवर सगळं सुखाचं होतं. मग ९८ साली तुमचं पहिलं परिपत्रक आलं.

ते मला शेजारच्या शांतिलालजींनी दाखवलं. तीर्थपुरीत त्यांची अडत आहे, कापूस आणि तूर. आमच्या दोघांच्या घरांमधे एकच भिंत आहे, त्यामुळं माझ्या घरातली कुठलीही अडचण आधी त्यांना कळते.

“मास्तर, हे बघा,” ते पेपर नाचवत म्हणाले, “ज्याचे लेख छापून आलेत त्याला नवा प्रबंध लिहायची जरूर न्हाई. छापलेले लेखच जोडायचे, पुढं-मागं थोडंसं लिहायचं, की डॉक्टर!”

“इतकं सोपं?”

“माल जुना, पोतं नवं. आम्ही बाप-दादापासून हेच करून राह्यलो.”

सत्यशीला, म्हणजे माझी बायको, दारातून म्हणाली, “म्हंजे शिळ्या भाकरीचा कुस्करा. करा, पण फोडणी बराबर पडली पाहिजे. न्हाईतर शिळं ते शिळंच लागतं.”

प्रबंधाच्या प्रस्तावनेबद्दल इतकं नेमकं मत मला पुढं कोणीच दिलं नाही. मार्गदर्शकांनी तर नाहीच. मार्गदर्शक लागतो असं तुमच्याच परिपत्रकात होतं, म्हणून एक गाठले. तुम्ही त्यांना ओळखता, म्हणून नाव सांगत नाही. त्यांनी मला एकदाच मार्गदर्शन केलं. ते असं, की पहिल्या पानावर त्यांचं नाव माझ्या नावापेक्षा एक नंबर मोठ्या टायपात असावं. मी ही तक्रार म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो. तक्रार पुढं आहे.

मधल्या काळात तीर्थपुरीत बातमी फिरली. डॉक्टर झाल्यावर सुई टोचणार का, हा विनोद मला बाजारपेठेत, गिरणीत, सलूनमध्ये आणि एका मयतीत ऐकवण्यात आला. पलीकडच्या गल्लीतल्या उषाबाईंनी मात्र विनोद केला नाही. त्या खरोखरच पाय दाखवायला आल्या. सत्यशीलानं त्यांना चहा दिला, हळदीचा लेप सांगितला आणि वर मला म्हणाली, “एक पेशंट बरा केला, आता तुम्ही व्हा डॉक्टर.”

तांबड्या रेक्झिनची बांधणी झाली, सोनेरी अक्षरं झाली. सत्यशीलानं प्रबंधाला हळद-कुंकू लावलं, त्याचा एक डाग पान सातवर उतरला आहे. परीक्षकांनी तो चूक म्हणून धरू नये. आणि मी तुमच्या खिडकीवर आलो.

बाबूनं पानं चाळली. “तुमच्या लेखांवर दोन दोन नावं आहेत.”

“आहेत. एकट्यानं केलं नाही, तर एकट्याचं नाव कसं देऊ?”

“मग परिशिष्ट ‘क’ लागेल.”

परिशिष्ट ‘क’ म्हणजे प्रत्येक सहलेखकाचं प्रमाणपत्र. उमेदवाराचं योगदान साठ टक्क्यांपेक्षा कमी नाही, उरलेलं चाळीस टक्के सहलेखकाचं, आणि सहलेखक हे लेख दुसऱ्या कुठल्या पदवीसाठी वापरणार नाही.

“रखमाजी दुसऱ्या पदवीसाठी वापरणार नाहीत याची हमी मी देतो,” मी म्हणालो. “ते तिसरीतून बाहेर पडलेत.”

“हमी त्यांची पाहिजे. महिनाअखेरच्या आत आणा. ही योजना त्यानंतर बंद आहे.”

म्हणजे महिनाअखेरपर्यंत दोन सह्या, नाहीतर पंधरा वर्षं पाण्यात. मला वाटलं, दोन सह्या तर गाडी वळवता वळवता होतील.

कुंभार पिंपळगावला गाडी वळते तिथं चहाचं हॉटेल आहे. रखमाजी बाकावर बशीतून चहा पीत होते. मी परिशिष्ट वाचून दाखवलं.

“साठ कोणाचे?” रखमाजी म्हणाले.

“माझे.”

“अन् आमचे?”

“चाळीस.”

त्यांनी बशी खाली ठेवली. “मास्तर, वावर कोणाचं?”

“तुमचं.”

“नाव कोणी सांगितलं?”

“तुम्ही.”

“मंग तुम्ही काय केलं?”

“मी लिहिलं हो. चार-चारदा लिहिलं, टाइप करून घेतलं, पाठवलं...”

“म्हंजे राबले. न्हाई कोण म्हणतं? लई राबले. पण वावर आमचं अन् राबणूक तुमची, त्याला आमच्यात बटई म्हणतात. अन् बटई निम्मी. माझ्या आज्याच्या टायमापासून निम्मी. तुमचं इद्यापीठ साठ म्हणतंय ना, मंग त्यानं इथं येऊन एक साल वावर करून दाखवावं. मंग बोलू.”

करितासाहेब, तुम्ही शहरातले, म्हणून सांगतो. आमच्याकडं जमीन एकाची आणि कष्ट दुसऱ्याचे असले, की पीक निम्मं-निम्मं वाटून घेतात. ही बटई. हिचा करार कुठं लिहिलेला नसतो आणि कोणी मोडत नाही. मोडायचं म्हटलं तर दोन पिढ्यांचं बोलणं बंद होतं.

“रखमाजी, हे पीक नाही, लेख आहे.”

“पीक न्हाई, तर वाटे कशाला करून राह्यले?”

मी परिशिष्ट ‘क’ उलटून पाहिलं, मागची बाजू कोरी होती. मी दुसरीकडं बघितलं, तर मागच्या बाकावर कारभारी. रखमाजींचं वावर बटईनं करणारा गडी. त्यानं कप तसाच हातात धरला होता.

“सरकारी कागद हाये का मास्तर? शिक्का दिसतोय म्हणून इचारतो.”

“विद्यापीठाचा आहे.”

“म्हंजे सरकारीच. अन् राबणाऱ्याला साठ म्हणतो?”

“तसं नाही रे...”

“तसंच हाये. बराबर हाये. मालक, औंदा मंग आमचं बी साठ.”

“तू गप रे.”

“गप कामून? मास्तर पंख्याखाली बसून लिवतात, त्यांना साठ. मी उन्हात असतो.”

माझ्या घरातला पंखा तीन उन्हाळे बंद आहे, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कारभारीनं परिशिष्ट ‘क’चा एक कोरा नमुना मागून घेतला. मी साधा माणूस, दिला. इथं माझी मोठी चूक झाली, पण तो नमुना मुळात काढला कोणी? तुम्ही.

पुढच्या बाजारच्या दिवशी त्या नमुन्याच्या झेरॉक्स निघाल्या. राबणाऱ्याला साठाहून कमी नाही, असं खुद्द विद्यापीठ म्हणतं, आणि खाली साहेबाची सही. ती सही कोणाला वाचता आली नाही, त्यामुळं तिचं वजन आणखी वाढलं. जमीनवाले एका बाजूला झाले, बटईदार एका बाजूला. चार दिवस माझ्या गाडीत जमीनवाले पुढं आणि बटईदार मागं बसले, मग जमीनवाल्यांनी गाडीत बसणंच सोडलं. ते काळ्या-पिवळ्या जीपमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून जायला लागले. बटईदारांनी मला हार घातला. मी नको नको म्हणत होतो तोवर हार डोक्यावरून खाली आला होता, आणि पेटीच्या पट्ट्यात असा अडकला, की तीर्थपुरीपर्यंत निघेना. गाडीत तेव्हा नेमका तपासनीस चढला.

आगाराकडून नोटीस आली. त्यात दोन मुद्दे होते. एक, मार्गावरील उत्पन्न अचानक घटल्याबद्दल खुलासा करावा. दोन, कर्मचाऱ्याच्या गणवेशात फुलांच्या हाराचा समावेश नसताना तो घालून कर्तव्य बजावल्याबद्दल खुलासा करावा. मी एकाच खुलाशात दोन्ही मुद्द्यांना उत्तर दिलं: “प्रबंध लिहीत असल्यामुळे.” ते समाधानकारक मानलं गेलं नाही.

शांतिलालजी भिंतीपलीकडून सगळं ऐकत होतेच. संध्याकाळी आले.

“मास्तर, इतकं डोकं कामून धरून बसले? रखमाजीकडून निम्म्याचा कागद लिहून घ्या, गावात दाखवायला. इद्यापीठात द्यायला साठाचा अलग कागद.”

“खोट्या सहीचा?”

“खोट्या न्हाई हो. दुसऱ्या.”

अडतीच्या धंद्यात या दोन शब्दांत केवढा फरक असतो हे मला त्यांनी फार प्रेमानं समजावून सांगितलं. सत्यशीला मधेच म्हणाली, “शांतिलालजी, तुमची दुसरी सही तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. ह्यांना पहिलीच सही धड येत न्हाई.” हे खरं नाही. माझी सही स्वच्छ आहे. तुमच्यासारखी नाही.

मग मी एस.टी.डी. बूथवरून मार्गदर्शकांना फोन लावला. त्यांनी पहिल्यांदाच झटकन उपाय सांगितला.

“अहो, त्या खेडूतांची नावं काढून टाका ना. कशाला घोळ घालता?”

“छापून आलीत, साहेब.”

“प्रबंधात काढा. तळटीप द्या, ‘स्थानिक माहितगार’.”

“मग ‘खोकल्याचा मळा’ मी कुठून आणला म्हणून सांगू? माझा सासरा तर खोकत नव्हता.”

“तुम्ही फार भावनिक होताय,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. बिल मी दिलं. भावनिक होत होतो हे खरं आहे. ज्या बाईनं मला सगळं शिवार तोंडपाठ सांगितलं, तिला एका ओळीच्या खाली बारीक टायपात ‘माहितगार’ म्हणून बसवायचं, आणि वर सोनेरी अक्षरात कोण? मी, आणि माझ्यापेक्षा एक नंबर मोठा तो माणूस. डॉक्टर व्हायचं नसतं तर मी तिथंच बूथमध्ये रिसीव्हर आपटला असता. पण बूथवाला ओळखीचा होता.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी साळूमायकडं गेलो. ती ओट्यावर सुपात तूर पाखडत होती.

“ये, साठवाल्या,” ती म्हणाली.

“साळूमाय, तू तरी...”

“बस. तुझी अन् रखमाजीची अक्कल एका मापाची. निम्मं का साठ म्हणून भांडून राह्यले, पण बी कोणाचं, हे कोणी इचारलं का?”

“बी?”

“मग! निम्मी बटई कवा? मालकानं बी-खतात निम्मं घातलं तर. समदं बी राबणाऱ्यानं घातलं, तर तो निम्म्यावर कसा भागंल? माझ्या वावरात तर न्हाई भागत. निम्म्यावर दहाचा उतारा द्यावाच लागतो, म्हंजे साठ.” तिनं सूप खाली ठेवलं. “सांग, कागद कोणाचा व्हता?”

“माझा.”

“शाई? टाइपवाल्याचे पैशे? टपाल?”

“सगळं माझंच.”

“रखमाजीनं काय घातलं?”

“काही नाही. चहासुद्धा मीच पाजायचो.”

“मंग झालं की. जल्दी ऊठ, पारावर चल.”

पारावर दोन्ही पक्ष जमायला वेळ लागला नाही. तसेही ते तिथंच बसलेले असायचे, फक्त एकमेकांकडं पाठ करून. साळूमायनं बी-खताचा मुद्दा मांडला. रखमाजी लगेच माघार घेणारे नव्हते.

“वैनी, कागदाला कोणी बी म्हणतं का? कागद काय उगवतो?”

“उगवला न्हाई का? छापून आला तो काय मंग? अन् भावजी, तुमचा पहिला लेख परत आल्ता ना पुण्याहून? मास्तर सांगत व्हता.”

“आल्ता. दोनदा आल्ता.”

“म्हंजे दुबार पेरणी झाली. दुबार पेरणीचं बी कोणी दिलं? तुम्ही दिलं?”

करितासाहेब, दुबार पेरणीपुढं आमच्याकडं कोणीही वाद घालत नाही. ज्यानं ती एकदा केली, तो दुसऱ्याच्या तोंडून तो शब्द ऐकला तरी टोपी काढून डोकं खाजवतो. रखमाजींनी टोपी काढली.

“तसं असंल तर,” ते हळूच म्हणाले, “साठ बराबर हाये. रीत मोडत न्हाई.”

“मालक,” कारभारी उठून म्हणाला, “मंग औंदा मी बी घालतो समदं.”

“घाल ना! खत बी घाल. दुबार झाली तर ती बी तूच घाल.”

कारभारी आभाळाकडं बघत राहिला. आभाळ कोरं होतं. “पुढच्या साली बघू,” तो म्हणाला आणि बसला. बसला तो रखमाजींच्याच शेजारी. बंडल कोणी काढलं ते मला दिसलं नाही, पण काडी एकच पेटली.

रखमाजींनी प्रमाणपत्रावर सही केली, पण त्याआधी माझ्याकडून एक ओळ वाढवून घेतली: ‘बी-खत उमेदवाराचं असल्यामुळे साठ कबूल.’ ही ओळ नसेल तर उद्या कोणीही हा कागद काढून साठ मागेल, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. साळूमायनं अंगठा दिला. सरपंचांनी शिक्का मारला. मी सगळ्यांना चहा पाजला. तोही बी-खतात धरावा असा ठराव कारभारीनं मांडला आणि तो हसण्यावारी मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी माझी गाडी भरून गेली, जमीनवाले आणि बटईदार एकाच सीटवर. आगाराचं उत्पन्न त्या फेरीला इतकं वाढलं, की त्याचाही खुलासा मागतील अशी मला भीती वाटली.

तुमच्या खिडकीवर मी छाती काढून उभा राहिलो. बाबूनं ‘बी-खत’ची ओळ वाचली, शेजारच्या टेबलाला दाखवली, त्या टेबलानं पलीकडच्या टेबलाला दाखवली. सगळं ऑफिस हसून झाल्यावर तो म्हणाला, “अनावश्यक मजकूर आहे, पण चालेल. बेरीज मात्र चुकली.”

“साठ अधिक चाळीस, शंभर.”

“आणि मार्गदर्शकांचे वीस?”

त्यानं मला तुमचं दुसरं परिपत्रक दाखवलं. लेखांवर मार्गदर्शकाचं नाव नसलं, तरी प्रकाशित लेखांवरील प्रबंधात मार्गदर्शकाचं योगदान वीस टक्के धरावं, आणि ते सहलेखकांच्या हिश्श्यातून वळतं करावं. मी परत वाचलं. उमेदवाराच्या हिश्श्यातून नाही, सहलेखकांच्या. म्हणजे माझ्या साठाला हात न लावता मला गप्प बसवायची सोय.

“मुदत आहे अजून,” बाबू म्हणाला. “नवीन सह्या घेऊन या. सगळे आणतात.”

मी पुन्हा कुंभार पिंपळगावला गेलो. लपवून सही घेता आली असती, म्हाताऱ्या माणसांना कोण समजावतंय? पण मी पारावर उभा राहून मोठ्यानं वाचलं.

“म्हंजे कापायचे ते आमच्यातूनच?” रखमाजी म्हणाले. “ठीक हाये. वाटा ज्याचा त्याला देऊ. आमचं गाव वाटा बुडवत न्हाई. पण तो मागतो कशावर? वावर त्याचं हाये का?”

“नाही.”

“राबला का?” कारभारी म्हणाला.

“नाही.”

“बी घातलं?”

“नाही.”

साळूमाय म्हणाली, “राखण केली असंल. पाखरं हाणली, ढोरं हाकलली? त्याचं बी काहीतरी देतो आम्ही.”

“तेही नाही, माय. फोन केला तर उलट म्हणाले, तुमची नावं काढून टाका.”

साळूमायनं थोडा विचार केला. “मंग बुजगावणं असंल. वावरात उभं तर असतंय बिचारं, न्हाई म्हणता येत न्हाई. पण मी म्हातारी झाले बाप्पा, बुजगावण्यानं खळ्यावर येऊन वाटा मागितलेला कवा पाह्यला न्हाई.”

पार खदखदला. रखमाजी आणि कारभारी एकमेकांच्या हातावर टाळी देऊन हसत होते. त्या गावात जमीनवाले आणि बटईदार एकाच बाजूला झालेले मी पहिल्यांदा पाहिले, आणि त्याचं श्रेय मात्र, करितासाहेब, तुम्हाला द्यावं लागेल.

नवा कागद मी सहीला पुढं सरकवलाच नाही. घडी घातली आणि खिशात ठेवला. मार्गदर्शकांचा परवा स्वतःहून फोन आला, शांतिलालजींच्या दुकानावर. “अहो, ही पद्धतच असते,” म्हणाले. मी म्हणालो, “असेल. तुम्ही कुंभार पिंपळगावला या आणि वीस कशाचे, एवढं पारावर सांगा. गावाला पटलं तर तिथंच सह्या मिळतील.” फोन कट झाला. शांतिलालजी म्हणाले, “मास्तर, व्यापारात दलालाला सुद्धा माल बघावा लागतो,” आणि पहिल्यांदाच त्यांनी मला कुठलाही सल्ला दिला नाही.

मला डॉक्टर व्हायचं आहे. खोटं कशाला बोलू, फार व्हायचं आहे. सत्यशीला रोज प्रबंधावरची धूळ पुसते आणि काही विचारत नाही, तेच मला जास्त लागतं. मुदत महिनाअखेरची आहे आणि महिना संपत आलाय. पण माझे साठ कमवायला मी राबलो आहे, बी घातलं आहे, दुबार पेरणी केली आहे. त्यांचे चाळीस त्यांच्या वावराचे आहेत. यातले वीस उचलून परक्याच्या झोळीत टाकणारा कागद मी कोणाच्या अंगठ्यापुढं धरणार नाही, मग तुम्ही योजना बंद करा नाहीतर विद्यापीठ बंद करा.

वाटा द्यायला गाव तयार आहे. फक्त कशाचा ते कळू द्या. वावर नाही, राबणूक नाही, बी नाही, राखण नाही. वीस टक्के तुमच्या सहीनं ठरलेत, तेव्हा तुम्हाला माहीत असणारच. रखमाजी विचारतात, कारभारी विचारतो, साळूमाय विचारते, आणि मी विचारतो.

बोला करितासाहेब, वाटा कशाचा?